पावणेअकराला कोण आलं होतं

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य इथे प्रत्येक जण लिहितो, मला माहीत आहे. गेली दोन वर्षं मी हे पेज गुपचूप वाचतोय. पिंपळाखालची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारी मुलगी, बारानंतर वाजणारी पैंजणं... नव्वद टक्के थापा. उरलेले दहा टक्के अपचन.

मी विम्याच्या क्लेमचा सर्व्हेअर आहे. गोदाम जळलं, गाडी ठोकली, माल भिजला. लोक सांगतात ते खरं की रचलेलं, हे बघणं माझं काम. सतरा वर्षं माणसांच्या थापा ऐकतोय. समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं.

ही थाप असती तर सगळ्यात आधी मीच पकडली असती.

तर, दिवस शनिवार. २१ जानेवारी २०२३. वेळ सकाळची. हो, सकाळची. मध्यरात्र नाही, स्मशान नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं.

जागा हिमाचलमधली. एक लहानसा डोंगर, उंची साडेअकरा हजार फूट. नाव सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या जानेवारीत तुमच्यातले पन्नास जण रील काढायला पोहोचतील.

माझं नाव राजस. शिवाजी पार्कला राहतो, वडिलांच्या जुन्या फ्लॅटमध्ये. घरात मी आणि बायको ऋता, दोघंच.

सोबत होता ट्रेव्हर.

ट्रेव्हर दादरचाच. पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं तळमजल्याचं जुनं घर. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा ख्रिश्चन. माझ्या आजोबांनी मुंबई पाहिलीही नव्हती, तेव्हा याचे पणजोबा माहीमला भातशेती करत होते. घरात मराठीच बोलतात, त्यांच्या पद्धतीची.

अकरावीत कॉलेजच्या हायकिंग ग्रुपमध्ये आमची ओळख झाली. तेव्हापासून मी पुढे आणि तो मागे.

ट्रेव्हर चांगला माणूस आहे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. ज्याच्याबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नसतं, त्याला आपण चांगला माणूस म्हणतो. शिपिंगच्या ऑफिसात एकाच टेबलाला पंधरा वर्षं. पोट सुटलेलं, गुडघे दुखतात. कोणी काही बोललं की हसतो. मी सगळ्यात जास्त बोलायचो आणि माझ्यावर तो सगळ्यात जास्त हसायचा.

चाळिशी पूर्ण झाली तेव्हा म्हणाला, "राजस, एकदा बर्फाचा डोंगर चढायचाय. छोटा चालेल."

"छोटाच झेपेल तुला," मी म्हटलं.

तो हसला.

असा हा डोंगर निवडला. खरं तर डोंगर कसला, टेकडीच. उन्हाळ्यात गावातल्या बायका गवत कापायला वर जातात. मी सह्याद्रीतले सगळे अवघड कडे चढलेला माणूस. मला या टेकडीची लाज वाटत होती. ऑफिसात मी तिचं नावही सांगितलं नव्हतं.

गावातलं शेवटचं घर एका म्हाताऱ्याचं. तिथेच उतरलो होतो. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्याचा पुतण्या वाट दाखवायला येणार होता, पण तो खालच्या गावात लग्नाला गेलेला. चाचा म्हणाला, एक दिवस थांबा.

मी म्हटलं, "घास काटने के रास्ते को गाइड किसलिए?"

चाचा चुलीत लाकूड सारत होता. वर न बघता म्हणाला, "ठीक है. दोनों साथ जाना, साथ आना. बीच में अलग मत होना."

"क्यों? भालू है?"

"भालू तो सोया है अभी," तो म्हणाला.

बस्स. पुढे काही नाही. मला हसू आलं. पर्यटकांना घाबरवायची ही पद्धत मला पाठ आहे.

सकाळी सहाला निघालो.

बर्फ घोट्याच्या वर. बुटांना साखळीचे काटे लावलेले. प्रत्येक पावलाला आवाज यायचा... चर्र... चर्र... दुसरा आवाज नाही. पक्षी नाही, वारा नाही.

ट्रेव्हर दर दहा मिनिटांनी थांबत होता. कधी धाप लागली म्हणून, कधी बघायला.

"राजस, बघ ना मॅन. देवदारावर कसं बसलंय. कार्मेनला फोटो पाठवतो." कार्मेन म्हणजे त्याची आई. खुशीत असला की तो आईला नावाने हाक मारतो.

"पाठव आणि चल."

पावणेनऊला एका मोठ्या खडकापाशी पोहोचलो. छपरासारखा पुढे आलेला खडक. खाली कोरडी जागा, दोन माणसं बसतील एवढी. ट्रेव्हर तिथे बसला आणि त्याने गुडघे धरले.

खालून ढग चढत होता. दरीतली झाडं एकेक करून दिसेनाशी होत होती.

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला.

"तू ना ट्रेव्हर, राणीच्या बागेत फिरत जा. तिथे बाकं असतात."

तो हसला, पण या वेळी जरा उशिराने.

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजलेले. सॅक उचलली. "ये मागून," म्हटलं आणि निघालो.

पन्नास पावलांवर ढगाने मला गाठलं. पुढे पांढरं, मागे पांढरं. पायाखालचा उतार तेवढा कळत होता.

माझा एक नियम आहे. चढताना मागे वळून बघायचं नाही. आपण वळलो की हळू चालणारा अजून हळू चालतो. त्याला वाटतं, कोणीतरी आपली वाट बघतंय.

मी वळलो नाही.

थोड्या वेळाने मागून पावलं ऐकू आली.

चर्र... चर्र...

म्हटलं, उठला एकदाचा.

पावलं बेताच्या अंतरावर होती. दहा-बारा फूट. मी वेग वाढवला, तीही वाढली. मी बूट नीट करायला थांबलो, तर थांबली. मला जरा नवल वाटलं. ट्रेव्हर इतका सरळ चालत नाही. तो पाय ओढतो.

आणि अजून एक गोष्ट...

ट्रेव्हर चढताना लोहाराच्या भात्यासारखा फुसफुसतो. जिन्यावरही. मागच्या पावलांना धाप नव्हती.

श्वासाचा आवाजच नव्हता.

तरी मी वळलो नाही. उलट बोलायला लागलो. समोरचा गप्प असला की मला जोर येतो. म्हटलं, बघ, मनात आणलं की जमतं. पण तू मनात आणतोस कधी? पंधरा वर्षं एका खुर्चीत. प्रमोशनला तुझ्या मागून आलेले पुढे गेले, तू त्यांना केक भरवलास. ग्रुपमध्ये वीस वर्षं आहेस, एका ट्रेकचा लीडर झाला नाहीस. तू जन्मभर मागेच राहिलास.

मागून आवाज आला.

"माहीत आहे मला."

हळू. अगदी जवळून.

तो आवाज ट्रेव्हरचा वाटला नाही. पण ओळखीचा होता. आपलंच बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं की कसं परकं वाटतं... तसा. मी स्वतःला सांगितलं, ढगात आवाज बदलतो.

आणि मी थांबलो नाही. आता जे बोललो ते इथे लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

मी म्हटलं, "तुझे पप्पा पण असलेच. जरा छातीत दुखलं की सगळं घर डोक्यावर. तूही त्यांच्यावरच गेलास."

ट्रेव्हरचे वडील, पास्कल अंकल, वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पावलं थांबली.

मीही थांबलो. का ते माहीत नाही.

इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. 

मग एकच शब्द आला.

"पुरे."

आणि पावलं खाली जायला लागली. चर्र... चर्र... न घाईत, न थांबत. लांब गेली आणि ढगात विरली.

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

"पळपुटा," मी मोठ्याने म्हटलं आणि वर निघालो.

साडेअकराला माथ्यावर होतो. माथा म्हणजे चार दगड रचलेले आणि काठीला बांधलेलं एक लाल फडकं. एकट्याचा फोटो काढला. फोनवर वेळ आहे, अकरा बत्तीस. त्या फोटोतलं माझं तोंड विजयी दिसतं. मूर्ख माणसाचं दिसतं तसं.

तेवढ्यात ढग निघून गेला. ऊन पडलं आणि खालचा सगळा उतार स्वच्छ दिसला.

उतारावर माझ्या पावलांची एक रेघ होती.

एकच.

मी म्हटलं, ट्रेव्हर माझ्याच पावलांत पाय टाकून आला असेल. बर्फात तसं करतात, सोपं जातं. उतरायला लागलो.

वीस-पंचवीस मिनिटं उतरलो असेन. मघाशी मागची पावलं थांबली तेव्हा मी एका वाळलेल्या झुडपाला काठी टेकून थांबलो होतो. ते झुडूप आलं.

आणि मी तिथेच उभा राहिलो.

झुडपापासून खाली माझी चढायची रेघ जात होती. तिला अगदी लागून दुसरी रेघ जात होती, माथ्यावरून दोन्ही मिळून एकच दिसली होती. टाचा वर, बोटं खाली. म्हणजे उतरणारी.

पण ती रेघ खालून वर आलीच नव्हती.

ती तिथूनच सुरू होत होती. माझ्या दोन पावलांच्या बाजूला. जसं काही मी तिथे उभा असताना माझ्यातूनच कोणी एक पाय बाजूला टाकला आणि चालायला लागलं.

मी सर्व्हेअर आहे. घाबरलो की मोजतो. गुडघ्यावर बसलो. माझ्या चढणीच्या ठशांवर बोट फिरवलं. प्रत्येक ठसा एका माणसाचा, एकदाच उमटलेला, कडा साफ. त्यांत दुसऱ्या कोणी पाय टाकलेला नव्हता.

मग उतरणारे ठसे पाहिले. डाव्या टाचेत एक आडवी पट्टी होती. माझ्या डाव्या बुटाची टाच झिजली होती. निघायच्या आधी दादरला चांभाराकडून मी तिथे रबराची पट्टी लावून घेतली होती.

शेजारी माझा पाय दाबला. उचलला.

दोन्ही ठसे सारखे होते.

तुम्ही म्हणाल, घाबरून पळालास ना? नाही. मला राग आला. कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं वाटलं. त्या रागातच मी ठशांच्या मागे खाली गेलो.

ठसे सरळ खडकाकडे जात होते.

ट्रेव्हर तिथेच बसलेला होता. सोडला त्याच जागी, पाय पसरून. डोळे सुजलेले, नाक लाल. पण चेहरा... कसं सांगू? बऱ्याच दिवसांनी नीट झोपून उठलेल्या माणसासारखा.

मला बघून उठला आणि त्याने मला मिठी मारली.

"जाऊन आलास वर? बरं वाटलं का आता?" तो म्हणाला.

"तू कधीपासून बसलायस इथे?"

"काय कधीपासून? उठलोच नाही. तुला बोललो ना."

"मला कधी बोललास?"

 ट्रेव्हरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलाला समजावतात तसा.

"राजस, बस झालं. तुला परत सगळं नाही सांगायला लावणार मी. एकदा बोललास, पुष्कळ झालं."

 "काय बोललो?"

"अरे..." त्याने नजर खाली केली. "मेसेजचं."

आता तुम्हाला हे सांगावं लागेल. मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ऋतालाही नाही.

डिसेंबर २०१६. आमचा ग्रुप सह्याद्रीत होता, मी लीडर. सकाळी सात चाळीसला, पायथ्याच्या गावात, माझ्या फोनवर कार्मेन आंटीचा मेसेज आला. 'पास्कलला ॲडमिट केलंय. ट्रेव्हरला लगेच पाठव.' ट्रेव्हरच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून तिने मला पाठवला.

मी वाचला आणि फोन खिशात ठेवला.

कारण सांगतो. ट्रेव्हरला एकट्याला सोडता आलं नसतं. कोणीतरी सोबत द्यावं लागलं असतं, दोर कमी पडला असता, माझा ट्रेक बोंबलला असता. आणि पास्कल अंकलच्या छातीत दर सहा महिन्यांनी दुखायचं. मला वाटलं, नाटकं. नाटकी माणूस.

संध्याकाळी चारला मी ट्रेव्हरला म्हटलं, "आत्ता रेंज आली रे. हा बघ मेसेज."

पास्कल अंकल साडेतीनला गेले होते. शुद्धीवर होते. शेवटपर्यंत ट्रेव्हरला विचारत होते.

सहा वर्षं हे फक्त मला माहीत होतं. माझ्या डोक्याच्या बाहेर हे कुठेही नव्हतं.

आणि ट्रेव्हर त्या खडकाखाली मला ते सांगत होता.

"पावणेअकराला आलास तू. मी घड्याळ बघितलं, म्हटलं हा इतक्यात कसा परत आला. शेजारी बसलास. हातमोजे काढून माझे गुडघे चोळलेस. मग बोललास. सात चाळीसला वाचला होता, म्हणालास. पप्पा नाटक करतात असं वाटलं, ते पण बोललास." त्याने नाक पुसलं. "खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं, तुला इथून ढकलून द्यावं. खरंच मॅन. मग तू रडायला लागलास. लहान पोरासारखा. मी तुला कधी रडताना नाही बघितलं रे."

"किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"किती वेळ बसलो होतो मी?"

"तास झाला असेल. बाराला गेलास ना, वर हात लावून येतो म्हणून."

अकरा बत्तीसला मी माथ्यावर फोटो काढत होतो.

त्याच्या शेजारच्या कोरड्या जागेवर बर्फाचे तुकडे पडलेले होते. कोणी बूट टेकवून बसल्यासारखे. वरून आलेले ठसे तिथपर्यंत येत होते. मी खडकाला वळसा घातला. वर पाहिलं, खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना पाहिलं.

येणारे होते... नऊला गेलेले माझे सोडले, तर जाणारे नव्हते.

ट्रेव्हर म्हणाला, "काय शोधतोस?"

आता हे नीट वाचा. मी तेव्हा म्हणू शकत होतो, ट्रेव्हर, तो मी नव्हतो. तो कोण होता मला माहीत नाही. मी तुझ्यासाठी परत आलो नाही, मी रडलो नाही, मी वर बसून तुझ्या बापाला नावं ठेवत होतो.

मी म्हटलं, "काही नाही. हातमोजा बघत होतो."

जो माणूस मी सतरा वर्षं क्लेमच्या कागदांत पकडत आलो, तो मी स्वतः होतो. दुसऱ्याच्या नावावरची माफी फुकटात मिळत होती, ती मी खिशात घातली.

उतरताना मी पहिल्यांदा ट्रेव्हरला पुढे घातलं. मी पुढे चाललो असतो, तर मागून येणारी पावलं कोणाची हे कळलं नसतं. तो दिसत राहिला पाहिजे होता.

चाचा अंगणात उभा होता. त्याने ट्रेव्हरला आत घेतलं. मी उंबऱ्याशी आलो तर आडवा हात धरला.

"नाम बताओ अपना."

"क्या मजाक है, चाचा? दो दिन से यहाँ हूँ."

"नाम."

"राजस."

"बाप का?"

सांगितलं. त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग हात काढला. रात्री जेवताना मी विचारलं, नाव कशाला विचारलं. "ऐसे ही," म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं तर उठून गाईला बघायला गेला.

मुंबईला आलो. ट्रेव्हर बदलला. म्हणजे माझ्याशी बदलला. आधी हसायचा ते सवयीने, आता मायेने वागायला लागला. माझ्या वाढदिवसाला घरी आला, ऋताला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं मन फार मोठं आहे." मी भिंतीकडे बघत होतो.

हळूहळू मी स्वतःला पटवलं. उंचीवर डोक्याला प्राणवायू कमी पडतो. साडेअकरा हजारांवर इतका पडत नाही, हे मला माहीत आहे. तरी पटवलं. दोन वर्षं बरी गेली.

गेल्या महिन्यात मेगनचा फोन आला. मेगन म्हणजे ट्रेव्हरची बायको, शाळेत शिकवते.

"राजस, थँक यू बोलायला फोन केला. तू मम्मीजवळ येऊन बसतोस ना दर गुरुवारी... आम्ही दोघं कामावर. ती एकटीच असते. खूप खूश असते रे ती त्या दिवशी."

मी त्या घरात आठ महिने पाऊल टाकलं नव्हतं. कार्मेन आंटीसमोर बसायचं मी टाळतोच.

"कधीपासून येतोय मी?" मी विचारलं.

ती हसली. "म्हणजे काय? ईस्टरनंतर सुरू केलंस ना?"

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसला दांडी मारली. साडेअकराला पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत शिरलो. गल्ली एवढीशी, आत जायला आणि बाहेर यायला तीच वाट. समोरून मला कोणी आलं नाही. फक्त पाववाला, सायकलवर.

दार उघडंच होतं. कार्मेन आंटी आरामखुर्चीत बसली होती. एक्क्याऐंशीची आहे, पण डोकं शाबूत. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बिनचष्म्याची पेपर वाचते.

माझ्याकडे बघून म्हणाली, "परत आयलास? काय विसरलास?"

टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. दुसऱ्यात चहा तसाच, वर साय धरलेली.

"किती वेळ झाला मला जाऊन?" मी विचारलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन मिनिटं नाय झाली. काय रे, बरं नाय काय?"

मी समोरच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची थंड होती. फ्रीजमधून काढल्यासारखी नाही, उगाच वाढवून सांगत नाही. नुसती थंड. कोणी बसून उठलेली खुर्ची असायला हवी तशी उबदार नव्हती, एवढंच.

"मी काय बोलतो तुझ्याशी?" मी म्हटलं. "दर गुरुवारी?"

"पास्कलच्याच गोष्टी. तू विचारतोस, मी सांगते."

"आणि काय?"

 ती म्हणाली, "ते मेसेजचं तू बोलला तेव्हाच मी माफ केला तुला. सारखं सारखं माफी नको मागू, बाला. पास्कलला पण आवडला नसता."

 माझं नेहमीचंच झालं. घाबरलो आणि मोजायला काही नसलं की माझं तोंड सुटतं.

"आंटी, तुझं वय झालंय," मी म्हटलं. "तुला काहीतरी भास होतायत. ट्रेव्हरला सांग, डॉक्टरला दाखव. मी इथे येत नाही. मला एवढा वेळ नसतो."

कार्मेन आंटीने पेपर बाजूला ठेवला. मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. ती घाबरली नाही. रडलीही नाही. मी फसव्या क्लेमवाल्यांकडे बघतो ना, अगदी तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाली,

"मघाशी बरा होतास तू."

आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी उठून बाहेर आलो. गल्लीच्या तोंडाशी कितीतरी वेळ उभा होतो. आतून काही आवाज येतोय का ऐकत होतो. आला नाही.

ट्रेव्हरला सांगितलेलं नाही. काय सांगणार? की ज्याला तू माफ केलंस तो मी नाही? तो मला विचारेल, मग तू कोण. आणि तुम्ही खाली कमेंटमध्ये लिहाल, शांती करा, नारळ फोडा, चर्चमध्ये मिस सांगा. नका लिहू. मला त्याला घालवायचं असतं तर मीच काहीतरी केलं असतं. मला एवढंच माहीत करून घ्यायचंय की तो अजून कुठे कुठे जातो.

कारण परवा जेवताना ऋता मध्येच म्हणाली, "हल्ली तू किती छान बोलतोस रे माझ्याशी."

मी विचारलं, "कधी?"

ती लाजली. म्हणाली, "दुपारी येतोस तेव्हा."

मी दुपारी घरी येत नाही.

त्या दिवसापासून खिशात चावी असूनही मी बेल वाजवतो. ऋता दार उघडते. मी आत पाऊल टाकत नाही. मला बघून ती चकित होते का, हे मी आधी बघतो.

काल ती चकित झाली. मला बघून तिने मागे वळून हॉलमध्ये पाहिलं.